इंदिरानगरचा फ्लॅट, होम लोनची फाईल : नोंदी ३१ मे ते ४ ऑगस्ट २०२५

३१ मे, शनिवार

फ्लॅट ठरला. नाशिकला इंदिरानगर, दुसरा मजला, टू बीएचके, बिल्डिंग १९९९ ची, रिसेल. विकणारे काका-काकू मुलाकडे पुण्याला चाललेत. ४५ सांगत होते, ४२ लाखात जमलं. आठ वर्षं पाथर्डी फाट्याला भाड्याने काढल्यावर आता स्वतःचं घर होणार, काल रात्री झोपच लागली नाही.

आजपासून ही वही. मी अंबडला कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, तिथे माल आला की पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, चलन आणि बिल तिन्ही समोर ठेवून जुळवायचे आणि मगच इनवर्डचा शिक्का मारायचा, चौदा वर्षं हेच करतेय. लोनच्या फाईललाही तेच करणार, कुठला कागद कधी मागितला, कधी मिळाला, कुणाकडे अडकलाय, सगळं तारखेनिशी लिहायचं. नणंदेच्या लोनच्या वेळी बघितलंय, एकच कागद तीनदा दिला आणि चौथ्यांदा मागितला.

२ जून, सोमवार

सगळ्यात आधी क्रेडिट रिपोर्ट काढले, माझा आणि नवऱ्याचा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क ह्या चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, त्यामुळे कुठल्या ॲपवर पैसे भरायची गरज नाही.

माझा स्वच्छ आहे. नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये २०२२ ला ईएमआयवर घेतलेला मोबाईल अजून चालू दिसतोय आणि वर १,१८० रुपये थकीत. लोन कधीच फिटलंय, एनओसीचा मेलही आहे. शेवटच्या हप्त्याला ऑटो डेबिट एकदा बाउन्स झालेलं त्याचा दंड राहिला असणार, पण त्या कंपनीने तीन वर्षांत एक फोन केला नाही. एनओसी जोडून ऑनलाइन डिस्प्यूट टाकला. ३० दिवसांत दुरुस्ती करायची असते, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. भरपाई नको, एंट्री बंद करा म्हणजे झालं.

४ जून, बुधवार

लंच टाईममध्ये बँकेत जाऊन यादी आणली. आमचं दोघांचं उत्पन्न दोन प्रकारचं, मी पगारदार आणि नवरा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, म्हणून याद्याही दोन. माझ्याकडून सहा महिन्यांच्या पगार स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६, पगाराच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, कंपनीचं आयकार्ड. नवऱ्याकडून तीन वर्षांचे आयटीआर कॉम्प्युटेशनसकट, सीएच्या सहीचे हिशोबाचे पत्रक ज्यावर यूडीआयएन, म्हणजे सीएची सही ऑनलाइन तपासता येते तो नंबर पाहिजे, धंद्याच्या आणि सेव्हिंग अशा दोन्ही खात्यांचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट, उद्यम आणि गुमास्ता. आधार, पॅन, फोटो दोघांचे.

प्रॉपर्टीची यादी वेगळी, आणि ती ह्या सगळ्यापेक्षा लांब. लोन ऑफिसर मॅडम म्हणाल्या प्रॉपर्टीचे पेपर नंतर आणा, आधी इन्कमचे द्या म्हणजे लॉगिन करते, अर्ज सिस्टिमला चढवते. मला ते पटलं नाही. पगार स्लिप मी एका मेलवर मागवू शकते, पण २५ वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगचा कागद कुणाच्या कपाटात आहे हेच माहीत नसतं. स्टोअरमध्येही ज्या मटेरियलला जास्त दिवस लागतात त्याची ऑर्डर आधी टाकतो. म्हणून काकांना आजच फोन केला, तुमच्याकडे जे आहे ते सगळं काढून ठेवा म्हणलं.

६ जून, शुक्रवार

रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ६ वरून ५.५० केला, एकदम अर्धा टक्का. ऑफिसमध्ये सगळे अभिनंदन करायला लागले जसं काय माझंच लोन कमी झालं. झालंच म्हणा, कारण २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या दराला बांधलेली असतात आणि बहुतेकांनी रेपोच धरलाय. मी हिशोबाला ८ टक्के धरतेय, त्याच्या खाली मिळालं तर आनंदच.

४२ लाखाचे ८० टक्के म्हणजे लोन ३३.६० लाख, २० वर्षं, ८ टक्के, हप्ता २८,१०४. माझ्या हातात येतात ३८,०००. नवऱ्याचं तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ३ लाख १० हजार, म्हणजे महिना २५,८००. दोघांचे मिळून ६३,८००, बँक निम्मे हप्त्यासाठी धरणार म्हणजे ३१,९००, त्यातून गाडीचा हप्ता ३,२०० वजा, उरले २८,७००. सहाशे रुपयांच्या फरकाने बसतंय.

इथे एक मनापासून लिहिते. नवऱ्याच्या हातात महिन्याला ४० हजाराच्या वर येतात, पण आयटीआर ४४एडी, म्हणजे छोट्या धंद्यांच्या अंदाजे नफ्याच्या कलमाखाली भरलेला, तिथे कॅश उलाढालीवर कमीत कमी ८ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा दाखवला की चालतं, म्हणून सीएने दरवर्षी कमीच दाखवला. तेव्हा टॅक्स वाचला म्हणून आम्ही खुश होतो. बँक मात्र आयटीआरवरचा आकडा बघते, खिशातला नाही. घर घ्यायचं असेल तर तीन वर्षं आधीपासून खरं उत्पन्न दाखवायला पाहिजे होतं.

९ जून, सोमवार

संध्याकाळी काकांकडे. ५०० च्या स्टॅम्पवर विसार पावती केली, एक लाख चेकने दिले. पावतीत एक वाक्य मी मुद्दाम घालून घेतलं, प्रॉपर्टीच्या कागदात दोष निघून लोन नामंजूर झालं तर विसार परत. एजंटचा चेहरा पडला, पण काका म्हणाले घाला, माझ्या कागदात काही नाही.

मग काकूंनी कपाटातून एक कापडी पिशवी काढली. बँकेची यादी घेऊन बसले आणि एकेक टिक करत गेले. २००७ चं काकांचं खरेदीखत मूळ, आहे. त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, आहे. घरपट्टी, आहे. लाईट बिल, आहे पण अजून पहिल्या मालकाच्या नावावर. कम्प्लिशनचा दाखला, झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्का वाचता येत नाही. मंजूर नकाशा नाही. एनए ऑर्डर, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा आदेश, त्याची झेरॉक्स आहे.

यादीत सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट लिहिलंय, ते नाहीच, कारण ही सोसायटी नाही. नाशिकमध्ये खूप बिल्डिंगा अशाच आहेत, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लेरेशन केलेल्या. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, पूर्ण बिल्डिंगचं डीड ऑफ डिक्लेरेशन आणि प्रत्येक फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट असतं आणि एनओसी असोसिएशनकडून. हे मी मॅडमना लगेच मेल करून कळवलं, नाहीतर शेअर सर्टिफिकेट पेंडिंग म्हणून फाईल पडून राहिली असती.

१९९८ चा बिल्डर आणि पहिल्या मालकाचा करारनामा विचारला. काका म्हणाले तो असेल ह्याच्यातच. नव्हता. झेरॉक्स होती.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. सकाळी वडाला जाऊन तशीच साडीवर ऑफिसला.

माझं पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. आजपर्यंत कुठे अडलं नाही कारण पगार पॅनच्या नावाने येत होता. पण खरेदीखतात पॅन आणि आधार दोन्ही लागणार आणि फ्लॅट माझ्याच नावावर घ्यायचा विचार आहे. महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून पॅन दुरुस्ती टाकली. त्याच्या मागोमाग पगाराचं खातं, कंपनीचं रेकॉर्ड आणि पीएफ, तिन्हीकडे नाव बदलायचे अर्ज. ॲफिडेव्हिटवर भागतं असं एजंट सांगतो, पण आज ॲफिडेव्हिट लावलं की उद्या ह्याच घराच्या प्रत्येक कागदाला ते लावत बसायचं.

फ्लॅट फक्त माझ्या नावावर का, तर घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, १ एप्रिल २०२१ पासून. नाशिकला शहरात सहा टक्के, मला पाच. ४२ लाखावर ४२ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. बँकेला विचारलं, मालक एकटी मी आणि नवरा फक्त को-ॲप्लिकंट असं चालतं का, तर चालतं, जो मालक आहे तो लोनमध्ये असलाच पाहिजे, पण लोनमधला प्रत्येक जण मालक असायची गरज नाही. नवरा एका मिनिटात हो म्हणाला. नाना, म्हणजे माझे सासरे, थोडे गप्प झाले, मग रात्री जेवताना म्हणाले, कर तुझ्या नावावर, वही तूच लिहितेयस. मला भरून आलं.

१४ जून, शनिवार

दुसरा शनिवार, बँक बंद. दिवसभर घरी स्कॅनिंग. फोनवर स्कॅन केलं की कोपरे कापले जातात आणि नेमका पान नंबर तिथेच असतो, म्हणून महत्त्वाचे कागद कॉर्नरच्या झेरॉक्सवाल्याकडून फ्लॅटबेडवर करून आणले. प्रत्येक फाईलला नाव दिलं, कागद, वर्ष, पानांची संख्या. स्टेटमेंट बँकेच्या नेट बँकिंगमधून उतरवलेलं मूळ पीडीएफच द्यायचं, प्रिंट काढून परत स्कॅन केलेलं घेत नाहीत.

फ्लॅटच्या जमिनीचा सातबारा डिजिटल सहीचा काढला, १५ रुपये. कागदावर इंदिरानगर कुठेच नाही, वडाळा शिवार आणि गट नंबर.

१७ जून, मंगळवार

माझा फॉर्म १६ आला. नवऱ्याचा ह्या वर्षीचा आयटीआर सीएकडून भरून घेतला. तारीख १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलीय त्यामुळे सीए म्हणत होते घाई काय, पण बँकेला तीन वर्षांत चालू वर्ष धरायचंय आणि ह्या वर्षी उत्पन्न जरा जास्त आहे. भरायच्या आधी एआयएस, म्हणजे टॅक्सवाल्यांकडे असलेली आपल्या उत्पन्नाची यादी, उघडून बघितलं तर जुन्या एफडीचं ९,४०० व्याज तिथे दिसत होतं जे आम्ही धरलंच नव्हतं. ते घातलं. बँकवाले आयटीआर आणि एआयएस शेजारी ठेवून बघतात.

२० जून, शुक्रवार

लॉगिन झालं. पावसात फाईल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून नेली, मुंबई नाक्याला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. मॅडमनी पानं मोजली, ११७. पोचवर शिक्का मागितला तर म्हणाल्या ॲप्लिकेशन नंबर येतोच की एसएमएसवर. मी म्हणलं एसएमएसवर पानं लिहिलेली नसतात. दिला शिक्का.

२५ जून, बुधवार

बँकेतून फोन. ५ मेला माझ्या खात्यात १ लाख २० हजार कॅश जमा, कुठून आले?

भिशीचे. आम्ही बारा जणी, महिन्याला दहा हजार, एप्रिलची चिठ्ठी माझी निघाली. हे सांगताना ओशाळल्यासारखं झालं, खरं तर का व्हावं, घामाचे पैसे आहेत. पण भिशीला पावती नसते. मग गेल्या अकरा महिन्यांत दर महिन्याला खात्यातून दहा हजार काढल्याच्या एंट्री पिवळ्या मार्करने रंगवल्या, भिशीच्या वहीच्या पानाचा फोटो लावला आणि सहीचं पत्र दिलं. मॅडमनी मान्य केलं. नाना तीन लाख देणार आहेत त्याचं मात्र आधीच करून ठेवलं, त्यांच्या एफडीतून थेट माझ्या खात्यात ट्रान्सफर आणि सोबत गिफ्ट लेटर. घरच्या मदतीचे पैसे कॅशने घेऊ नयेत एवढं मी प्रत्येकाला सांगतेय आता.

२६ जून, गुरुवार

व्हॅल्युएशनला माणूस आला होता, काका सांगत होते अर्धा तास मोजत होता. गॅलरी बंद करून रूममध्ये घेतलीय, तेवढा एरिया धरला नाही. बिल्डिंगचं वय २६, अजून ३४ वर्षं आयुष्य लिहिलंय म्हणजे २० वर्षांच्या मुदतीला अडचण नाही.

व्हॅल्यू आली ४० लाख. लोन ३० ते ७५ लाखाच्या मध्ये असेल तर ८० टक्क्यांच्या वर देता येत नाही, आणि करार आणि व्हॅल्युएशन ह्यात जे कमी त्याचे ८० टक्के. म्हणजे ३३.६० चं झालं ३२. हप्ता २६,७६६ वर आला, पण आमच्या खिशातून १ लाख ६० हजार जास्त. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन तर लोनमध्ये धरतच नाहीत, २ लाख १० हजार अधिक ३० हजार. एकूण आमचे १२ लाख ४० हजार.

एफडी ५.५०, नानांचे ३, भिशीचे १.२०, नवऱ्याच्या धंद्याच्या खात्यातून १.१०. बाकीच्यासाठी पीएफमधून पैसे काढायचा फॉर्म ३१ रात्रीच टाकला. नाव बदलाचं आधी केलं होतं म्हणून क्लेम अडला नाही.

३० जून, सोमवार

लीगल क्वेरी आली. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी ३० वर्षांच्या मालकीचा सर्च केला. मंजूर नकाशा आणि कम्प्लिशनची सर्टिफाइड कॉपी पाहिजे, ती मी राजीव गांधी भवनला महापालिकेच्या नगररचनात गेल्या आठवड्यातच अर्ज करून ठेवलीय. दुसरी क्वेरी ज्याची भीती होती तीच. १९९८ चा करारनामा मूळ पाहिजे.

वकिलांकडे स्वतः जाऊन विचारलं, रजिस्टर्ड आहे, सर्टिफाइड कॉपी मिळेल, मग मूळच का? त्यांनी नीट समजावलं. होम लोनमध्ये आपण घर लिहून देत नाही, मूळ कागद बँकेकडे ठेवतो, तेच तारण. मालकीच्या साखळीतला एक मूळ कागद बाहेर फिरत असेल तर तो दुसऱ्या कुणाकडे ठेवून कुणी पैसे उचललेत का हे बँकेला कळणार कसं? हरवलाच असेल तर पोलिसात तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, हरकतीसाठी मुदत, सर्टिफाइड कॉपी, इंडेम्निटी बाँड म्हणजे नुकसान भरून देण्याची हमी, आणि एवढं करूनही बँक नाही म्हणू शकते.

घरी येऊन कुणाशी बोलले नाही. विसार पावतीतलं ते वाक्य परत परत वाचलं.

३ जुलै, गुरुवार

इंडेक्स टू ऑनलाइन शोधला, नाही सापडला. कॉम्प्युटरवर नोंदणी २००२ ला सुरू झाली, त्याच्या आधीचं हाताने लिहिलेल्या रजिस्टरात. अर्धा दिवस रजा टाकून दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज दिला, झेरॉक्सवर दस्त नंबर होता म्हणून बरं.

मोबाईलवाली एंट्री आज रिपोर्टमध्ये बंद झाली, ३१ व्या दिवशी.

६ जुलै, रविवार

आषाढी. काकूंनी उपवासाला बोलावलं, साबुदाण्याची खिचडी आणि भगर. मला जेवणात लक्ष नव्हतं. काकांना म्हणलं पिशवी परत एकदा बघू. काका जरा चिडले, कितीदा बघणार. काकूच म्हणाल्या, अहो बघू द्या पोरीला.

ह्या वेळी एकेक कागद उलटून मागून पण बघितला. काकांचं २००७ चं लोन होतं, २०२१ ला फिटलं, त्या बँकेच्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पिवळट झेरॉक्स, वर लिहिलेलं लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स. म्हणजे एलओडी, लोन घेताना कुठले मूळ कागद बँकेने ताब्यात घेतले त्याची यादी. तीन नंबरला : करारनामा १९९८, मूळ, पाने ३४, नोंदणी पावतीसह. खाली बँकेचा शिक्का आणि सही.

म्हणजे हरवलाच नव्हता. बँकेकडे गेला आणि परत आलाच नाही. २०२१ चं रिलीजचं पत्र काढलं, त्यात फक्त २००७ चं खरेदीखत, पावती आणि इंडेक्स टू. आणि खाली काकांची सही, सर्व कागदपत्रे मिळाली. काका बराच वेळ त्या सहीकडे बघत बसले. म्हणाले, लोन फिटलं त्याच आनंदात होतो गं, मोजले नाहीत.

८ जुलै, मंगळवार

काकांसोबत त्या जुन्या बँकेत. काउंटरवर पहिलं उत्तर, तुमची सही आहे, आमच्याकडून विषय संपला. मी एलओडीची झेरॉक्स पुढे केली, इनवर्डला जसं चलन आणि बिल शेजारी ठेवते तसे दोन्ही कागद ठेवले, इथे सात आयटम घेतलेत, इथे तीन दिलेत, चार कुठे आहेत ते लेखी द्या. कागदपत्रं ३० दिवसांत परत, नाहीतर उशीर झाल्यास दिवसाला ५,००० हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा आहे, काकांचं लोन त्याच्या आधी फिटलं, त्यामुळे तो इथे लावता येत नाही हे मला माहीत होतं आणि मी तो ओढून आणला नाही. लेखी अर्ज दिला, पोचेवर तारीख घेतली.

१४ जुलै, सोमवार

पीएफचे पैसे आले. काका मधे एकटे परत दोनदा जाऊन आले ७१ व्या वर्षी, रिक्षाने, पावसात. नगररचनातून नकाशा आणि कम्प्लिशनच्या कॉपी मिळाल्या. असोसिएशनची एनओसी मिळाली.

१६ जुलै, बुधवार

सापडला. काकांनी २०१३ ला त्याच घरावर टॉप-अप, म्हणजे आणखी एक वाढीव लोन घेतलं होतं, तेव्हा जुन्या चार कागदांचं पाकीट टॉप-अपच्या खात्याला जोडलं गेलं. दोन्ही लोन एकदमच फिटली, पण रिलीज फक्त मूळ खात्याचं निघालं, टॉप-अपचं पाकीट चार वर्षं रेकॉर्ड रूममध्ये तसंच. शाखेतल्या एका तरुण मुलीने खाते क्रमांक टाकून टाकून शोधलं. आधीच्या वागण्याचा राग आहेच, पण त्या मुलीचे मनापासून आभार. सेरसायवर, म्हणजे तारणांच्या सरकारी नोंदवहीत, जुना बोजा अजून चालू दिसत होता, तोही त्याच दिवशी काढायला लावला.

करारनामा हातात घेतला. जाड लेजर पेपर, टाईपरायटरची अक्षरं, अनुस्वाराच्या जागी कागदाला बारीक भोकं पडलेली. डावीकडे गंजलेली पिन आणि पिनेचा तांबूस ठसा पुढच्या पाच पानांवर उतरलेला. प्रत्येक पानावर निळा गोल शिक्का. ३४ पानं मी तिथेच उभी राहून मोजली, काकांनी मोजली, मग त्या मुलीने मोजली, मगच सही.

२३ जुलै, बुधवार

लीगल क्लिअर, सँक्शन लेटर आलं. घरी बसून सगळं वाचलं. रेपोला जोडलेला दर, तीन महिन्यांनी रीसेट, फ्लोटिंग असल्यामुळे मुदतीआधी भरलं तर दंड नाही. मधेच ६८ हजाराचा इन्शुरन्स लोनमध्ये मिसळलेला. विचारलं, कंपल्सरी आहे का? नाही. मग काढा म्हणलं. नवऱ्याचा टर्म प्लॅन वेगळा घेतोय, त्याचा प्रीमियम वीस वर्षं व्याजासकट फेडायचा नाही.

बँकेची तयारी उद्याच चेक काढायची, पण काकू म्हणाल्या आषाढात नको. शुक्रवारी श्रावण लागतोय. चार दिवसांनी काही बिघडत नाही, त्यांचंही घर आहे ते अजून.

२८ जुलै, सोमवार

ई-चलन भरलं, २,१०,००० आणि ३०,०००. १ एप्रिलपासून रेडी रेकनर, म्हणजे घरांचा सरकारी दर, वाढलाय म्हणून आधी तपासलं, आमची किंमत त्याच्या वर आहे. ५० लाखाच्या आत असल्यामुळे एक टक्का टीडीएसचा प्रश्न नाही. खरेदीखताचा मसुदा रात्री नवऱ्याने मोठ्याने वाचला आणि मी मूळ कागदांशी जुळवत गेले. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटं पडलं होतं. दुरुस्त करून घेतलं.

३० जुलै, बुधवार

काल नागपंचमी, आज नोंदणी. टोकन ११, नंबर लागायला तीन वाजले. अंगठा, फोटो, दोन साक्षीदार. काकूंचा अंगठा मशीनवर उठेना, आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्यात म्हणाल्या, पाचव्यांदा उठला. बँकेचा ३२ लाखाचा डीडी आणि माझे बाकीचे नऊ लाख काकांच्या हातात दिले. काकांनी किल्ल्या दिल्या, एक पितळी, दोन साध्या, आणि गच्चीची वेगळी.

४ ऑगस्ट, सोमवार

मूळ कागद बँकेत जमा केले. गहाणाची सूचना ३० दिवसांत ऑनलाइन नोंदवायची असते, तीही तिथेच बसून केली. मॅडमनी छापील एलओडी पुढे केली, त्यात लिहिलेलं, जुने करारनामे एक संच. मी म्हणलं संच नको, प्रत्येकाचं वेगळं लिहा. त्यांनी परत टाईप केलं. तीन नंबरला करारनामा १९९८, मूळ, पाने ३४, नोंदणी पावतीसह. पाच नंबरला माझं खरेदीखत, मूळ, पाने २८.

शिक्का, सही, तारीख घेतली. ती प्रत लॅमिनेट करणार नाही, शाई उडते. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ह्या वहीच्या मागच्या कव्हरला चिकटवली.